पहिल्या पिढीच्या एमबीबीएस मुलांना मेंटर: वेगळा गट करावा की सगळ्यांसाठी? (नागपूर)

मेडिकलची माजी | सोमवार, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. मी नागपुरातच बालरोगतज्ज्ञ आहे, शिक्षण आपल्या मेडिकलचं, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. आमच्या बॅचमधले काही जण आणि मागच्या-पुढच्या बॅचचे काही, असा आमचा विचार चाललाय की एससी, एसटी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) या गटांतून एमबीबीएसला लागलेल्या मुलामुलींना एकेक मेंटर जोडून द्यावा. यातली बरीच मुलं खेड्यातून येतात आणि घरात पाहिलेला डॉक्टर म्हणजे पीएचसीतला.

नीटच्या आधी हात देणारे आता बरेच आहेत. पुण्यात बी.जे. मेडिकल कॉलेजच्या मुलांनी सुरू केलेलं लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट मेळघाटातल्या पोरांची नीटची तयारी करून घेतं. यवतमाळातून उभं राहिलेलं एकलव्य पहिल्या पिढीच्या मुलांना मोठ्या विद्यापीठांपर्यंत पोचवतं. पण ॲडमिशन झाली, गावात सत्कार झाला, चौकात बॅनर लागलं, की सगळ्यांना वाटतं आता काम झालं. खरी दमछाक त्यानंतर सुरू होते.

आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, यादी काढा आणि राखीव जागांवरच्या मुलांनाच घ्या, कारण विचारायला त्यांच्या नात्यात कोणी डॉक्टर नसतो. दुसरा म्हणतो, असा वेगळा गट केला की पहिल्याच आठवड्यात त्या पोरांवर शिक्का बसणार, आणि शिक्का चुकवायला तीच पोरं आपल्याकडे फिरकणार नाहीत. मी अजून कोणत्याच बाजूची नाही. इथे डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, पालक आहेत, म्हणून विचारते. ऑक्टोबरच्या आसपास नवी बॅच रुजू होईल, त्याआधी ठरवायचंय.

तर्रीपोहे | सोमवार, रात्री १०:०२

पाठिंबा! फक्त मेंटर म्हणजे दर रविवारी 'आमच्या काळी' ऐकवणारा काका नसावा. तशा फोकनाड्या पोरं सकाळी लेक्चरला ऐकतातच.

वर्गणी असेल तर सांगा.

धरमपेठी | सोमवार, रात्री १०:३१

उपक्रम चांगला, पण जात मध्ये कशाला आणता? माझ्या वर्गात खुल्या गटातला एक मुलगा होता. वडील पुजारी, महिन्याच्या मेसचे पैसे भरायची मारामार. त्याला कोणी मेंटर दिला नाही. आणि वडील मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, आई प्राध्यापक, मुलगा राखीव जागेवर, हेही पाहिलंय. त्याला कशाचं मार्गदर्शन करणार? आर्थिक निकष लावा, विषय संपला.

शिवाय एकदा आत गेल्यावर सगळे सारखेच असतात. पुस्तक एक, पेपर एक, पासिंग एक.

निळाई | सोमवार, रात्री ११:१५

धरमपेठी, पेपर एक आणि पासिंग एक हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. बाहेर पुष्कळांना वाटतं की राखीव जागेवरचा डॉक्टर कमी मार्कांत पास होतो. नीटला पात्रतेचा पर्सेंटाइल खुल्या गटाला ५० आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० आहे, तो दारापुरता. आत गेल्यावर एमबीबीएसच्या परीक्षेत कोणालाही एका मार्काची सवलत नाही.

'आत सगळे सारखेच' याला मात्र मी हसले. होस्टेलवर पहिल्या रात्री नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न 'रँक किती?' आडनावावरून कळलं नाही ते रँकवरून कळतं. मग कोण कोणाचा रूममेट होणार, ग्रुप स्टडीला कोण कोणाला बोलावणार, नोट्सचा ड्राइव्ह कोणाबरोबर शेअर होणार, हे महिन्याभरात आपोआप ठरतं. कोणी वाईट बोललेलंही नसतं. तक्रार करायची तर कशाची करणार?

हे माझं एकटीचं रडगाणं समजू नका. दिल्लीच्या एम्समधल्या एससी-एसटी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करायला केंद्राने २००६ मध्ये समिती नेमली होती. अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्याचे, तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष. २००७ च्या अहवालात सगळं आहे: त्रासाला कंटाळून ठरावीक मजल्यांवर एकत्र सरकलेली मुलं, प्रॅक्टिकल आणि वायवात (तोंडी परीक्षेत) न्याय मिळत नाही ही तक्रार, शिक्षकांचा आधार नाही, खेळ आणि कार्यक्रमांत बाजूला पडणं. देशातल्या एक नंबरच्या कॉलेजातलं हे.

माजी ताई, अजून एक. जातीवरून छळाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेल्या डॉ. पायल तडवीचं प्रकरण २०१९ चं. ती पहिल्या वर्षाची बावरलेली पोर नव्हती. एमबीबीएस होऊन पीजी करत होती. मेंटर फक्त फर्स्ट इयरला देणार असाल तर पुढे रेसिडेन्सीत काय?

झाडीपट्टी | मंगळवार, सकाळी ६:५५

मी कुरखेड्याकडचा, धानाच्या पट्ट्यातला. आता सर्जन. आमच्या कॉलेजात मेंटर हा शब्द नव्हता, रोल नंबर सीनियर होता. तुझा रोल नंबर ८७, तर वरच्या बॅचचा ८७ तुझा. बोन सेट त्याचा, नोट्स त्याच्या, शिव्याही त्याच्याच. त्यात कोणी जात विचारत नव्हतं आणि उत्पन्नही. माझा ८७ परतवाड्याचा, कापडाच्या दुकानदाराचा मुलगा. त्याने हाडं दिली आणि हाडं धरायची कशी तेही दाखवलं. वायवात ह्यूमरस (दंडाचं हाड) हातात दिला की घाबरून गप्प बसायचं नाही. आधी साइड सांगायची, मग ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये धरायचं, तोवर बाकीचं आठवतं. हे पुस्तकात आहे, पण ते पहिलं वाक्य आपण म्हणायचं असतं हे कोणीतरी सांगावं लागतं.

म्हणजे मी 'सगळ्यांसाठी'च्या बाजूचा. पण त्या ८७ ला एक गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही. रोवणीच्या दिवसांत घरून निरोप आला की मला जावंच लागायचं, कारण मजूर लावायला पैसे नसत. त्याला वाटायचं मी घरकोंबडा आहे, होमसिक आहे. 'मन लाव बे इथं' म्हणून तास-तास समजवायचा. चांगला माणूस, पण दुखणं एक आणि औषध दुसरंच.

जाता जाता: मेडिकलचं नाव निघालं की लोक प्रकाश आमटे, अभय बंग, राणी बंग ही नावं घेतात. आम्हालाही अभिमानच आहे. पण ती इथून तिकडं गेलेली माणसं. तिकडून इथं शिकायला आलेल्यांची तीन नावं सांगा म्हटलं तर? मेडिकलच्या अमृत महोत्सवाला डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवढे मेसेज आले तेवढे कोणाच्या लग्नालाही येत नाहीत.

कंडक्टर काका | मंगळवार, दुपारी १:२०

मी डॉक्टर नाही. एसटी महामंडळात वाहक आहे, पुसदकडचा. मुलगी नागपुरात एमबीबीएसला, दुसरं वर्ष. तुमचा धागा तिनेच पाठवला.

आमच्या तांड्यावरची ती पहिली. लागली त्याच दिवाळीला लोक गोळ्यांची पाकिटं आणि एक्सरे घेऊन दारात. ती सांगते, अजून मुडदेच शिकवतात, जित्या माणसाचं पुढच्या वर्षी. कोणी ऐकत नाही. एका आजीने तर राग धरला.

पण लिहायचं वेगळंच आहे. पहिल्या पार्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या आतल्या परीक्षेत, तिला शंभरात चौतीस पडले. बारावीपर्यंत नव्वदच्या खाली मार्क आम्ही पाहिलेच नव्हते. फोनवर ती रडते, इकडे तिच्या आईनं देव पाण्यात ठेवले. मी काय सांगणार? तिकीट फाडायचं असतं तर सांगितलं असतं. मग तिच्या एका सीनियर मुलीनं आम्हालाच फोन केला. म्हणाली, काका, पार्टला पहिल्यांदा बहुतेकांचं असंच होतं, टॉपरला पण पन्नास-पंचावन्न असतात, ही नापास झालेली नाही, हिला घरी बोलावू नका. त्या दिवशी घरात धड स्वैपाक झाला.

ती मुलगी कोणत्या जातीची ते आम्ही विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच की पोरांना मेंटर देता तसा आईबापालाही एक फोन नंबर द्या.

तर्रीपोहे | मंगळवार, दुपारी १:४१

काका, एक्सरेवरून आठवलं. मी व्हेटर्नरीचा. माझ्याकडे लोक गाय दाखवून झाली की खिशातून स्वतःचा शुगर रिपोर्ट काढतात.

पालकांचा नंबर ही कल्पना मात्र बम भारी.

शिकागोचा कावळा | मंगळवार, रात्री ८:०५

इथलं थोडं सांगतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय मेडिकल विद्यार्थ्यांची एसएनएमए ही संघटना १९६४ पासून आहे. तिथे मेडिकलची मुलं कॉलेजातल्या होतकरू मुलांना धरतात आणि त्यांना वर निवासी डॉक्टर धरून असतात. सगळं उघड, 'आम्ही यांच्यासाठी आहोत' असं म्हणून. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला मनाई केली. आता अशा कित्येक कार्यक्रमांची नावं आणि निकष बदलायची धावपळ चालू आहे. तुमच्याकडे तर आरक्षणाला घटनेचा आधार आहे. 'कोणासाठी' हे लिहायला आढेवेढे कशाला?

धरमपेठी | मंगळवार, रात्री ८:१९

धाग्यात अमेरिका आली. आता शंभर प्रतिसाद नक्की.

गोळीबार चौक | मंगळवार, रात्री ९:३०

आमच्या इकडच्या हलबा-कोष्टी पोराला मेंटरच्या आधी वकील लागते भाऊ. मिलिंद खटला कोणाला आठवते का? सर्वोच्च न्यायालय, २८ नोव्हेंबर २०००. लोकांना वाटते तो नोकऱ्यांचा निकाल होता. मुळात एका एमबीबीएस प्रवेशाचा होता. कोर्टानं सांगितलं की हलबा-कोष्टी हलबा जमातीत, म्हणजे एसटीत, धरता येत नाही, पण पोरगा तोवर डॉक्टर होऊन गेला होता म्हणून त्याची पदवी कायम ठेवली. गोवारींचं तेच. त्यांना एसटीत धरायला २०१८ ला नागपूर खंडपीठ हो म्हणालं, डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालय नाही म्हणालं, मधल्या काळात लागलेल्यांचे प्रवेश तेवढे वाचवले.

ज्याची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) पडताळणी समितीत अडकून राहिली तो पोरगा फिजियोलॉजी काय वाचून राहिला असंल? एक डोळा पुस्तकात, एक डोळा समितीच्या तारखेवर.

झाडीपट्टी | मंगळवार, रात्री ९:५२

भाऊ, तुमचं दुःख समजतं. पण त्या जागा मुळात कोणाच्या होत्या तेही एकदा लिहा. आमच्या गोंड-माडिया पोरांना कागद मिळवायला तेवढाच त्रास होतो, आणि त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

गोळीबार चौक | मंगळवार, रात्री ९:५८

आमच्या आज्याच्या कागदावर काय लिहिलं होतं ते तुम्ही नका सांगू.

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री १०:१०

हलबा आणि गोवारी प्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, आणि दोन्ही पुरेसे तापलेले आहेत. इथे मेंटरबद्दल बोलावे.

फॉर्मवाला | मंगळवार, रात्री १०:४४

मेडिकल चौकाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. संपादकांनी थांबवलं तरी गोळीबार चौकच्या एका गोष्टीला अनुमोदन: निम्मं मेंटरिंग कागदाचंच असतं. माझ्याकडे येणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरांना महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) म्हणजे फक्त फी माफी एवढंच माहीत असतं. भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी एससी-एसटीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तहसीलदाराचा दाखला चालू वर्षाचा लागतो, खातं आधारला जोडलेलं लागतं. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये. एसटीच्या मुलांसाठी स्वयम् योजना वेगळी. पैसे वेळेवर येतात असं मी म्हणणार नाही, पण अर्जच केला नाही तर उशिरानेही येत नाहीत. तारीख गेल्यावर आलेली पोरं पाहून जीव तुटतो.

एक रविवार द्या मला, सगळ्या नव्या पोरांचे कागद एकदम तपासून देतो. पैसे नको.

मेडिकलची माजी | मंगळवार, रात्री ११:०२

फॉर्मवाले दादा, तुमचं नाव वहीत पहिलं लिहिलं.

हाडवैद्य | बुधवार, सकाळी १०:१५

ॲनाटॉमी शिकवण्यात आयुष्य गेले, आता निवृत्त आहे. शिक्षकांच्या बाजूने कोणीच बोललेले नाही म्हणून लिहितो.

मेंटर-मेंटी योजना कॉलेजांत आजही आहे. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला काही मुले येतात, ठरावीक काळाने बैठक होते. मी अशा बैठका घेतल्या आहेत. मुले येतात, ओळीने उभी राहतात, 'एव्हरीथिंग फाइन, सर' म्हणतात, रजिस्टरवर सही करतात आणि निघून जातात. सरांना काही वाटत नाही असे नसते. पण ज्याच्या हातात इंटर्नल मार्क आहेत आणि जो उद्या वायवाला समोर बसणार आहे, त्याला 'मला हे समजत नाही, मला झोप येत नाही' असे कोण सांगेल? मी विद्यार्थी असतो तर मीही सांगितले नसते. म्हणून माझे मत असे की मेंटर त्या कॉलेजच्या परीक्षेशी संबंध नसलेला हवा. माजी विद्यार्थी यासाठी उत्तम.

आणि हे लवकर करा. नव्या नियमांत पहिल्या वर्षाला चारच संधी आहेत. पूर्वी एखादा मुलगा रखडत रखडत का होईना पुढे जात असे. पुढे तो उत्तम जनरल प्रॅक्टिशनर झालेलाही मी पाहिला आहे. आता दुसऱ्यांदा अडकलेल्या मुलाकडे वेळ नसतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सचा मानसिक आरोग्यावरचा अहवाल आला. त्यासाठीच्या पाहणीत २५,५९० एमबीबीएस विद्यार्थी होते आणि त्यातल्या १६.२ टक्क्यांनी स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार येतात असे नोंदवले. हा आकडा सगळ्या गटांचा मिळून आहे, धरमपेठींचा पुजाऱ्याचा मुलगाही त्यात असू शकतो.

एक तक्रार मात्र विद्यार्थ्यांविषयीही आहे. मदत पुढे केली तरी निम्मी मुले अभिमानापोटी घेत नाहीत.

सप्ली नको | बुधवार, रात्री ११:४०

सर, अभिमानापोटी नाही. सांगते.

मी धारणीकडची, कोरकू. नागपुरातच एमबीबीएस करते, कॉलेज लिहीत नाही. इथे खातं आजच काढलं, चुकलं तर सांभाळून घ्या.

मदत घेतली की ती कोणाला तरी दिसते. लायब्ररीत सीनियर माझ्या शेजारी बसून शिकवत असेल तर समोरच्या टेबलवरचे बघतात आणि त्यांच्या मनात जे आधीपासून असतं ते पक्कं होतं. खुल्या गटातल्या मुलीने तीच शंका विचारली तर ती सिन्सियर. मी विचारली तर 'हिला जमत नाहीये'. म्हणून पहिले काही महिने मी कोणालाच काही विचारलं नाही. उत्तर मराठीत डोक्यात असायचं, इंग्रजीत तोंडातून निघायचं नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यम असलेल्या माणसाला विचारा, 'डिस्क्राइब' म्हटलं की पहिलं वाक्य कुठून आणायचं ते.

वेगळा गट केला तर मी येईन का? नोटीस बोर्डावर यादी लावली तर नाही. फोन आला तर येईन.

मला दोन माणसं मिळाली म्हणून मी टिकले, आणि ती दोघं वेगवेगळी आहेत. एक माझी रूममेट, नांदेडची, तिचे आईवडील दोघं डॉक्टर. तिच्यामुळे मला कळलं की पेपरात आकृती आधी काढायची, अमुक सरांच्या वायवाला फक्त क्लिनिकल ॲनाटॉमी वाचून जायचं, उत्तर येत नसेल तर 'सॉरी सर, आय डोन्ट रिकॉल' म्हणून पुढच्या प्रश्नाला जायचं, खाली बघत उभं राहायचं नाही. हे तिला घरच्या जेवणाच्या टेबलवर मिळालेलं. ती कसलाही आव न आणता देते.

दुसरी एक इंटर्न ताई, गोंड, चंद्रपूरकडची. या वर्षी वॉर्डात मी केस सांगत होते. माझे उच्चार ऐकून एका मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, 'कोट्यातून का?' रूममेट म्हणाली, जाऊ दे गं, त्या सगळ्यांनाच असं बोलतात. तिने बिचारीने चांगल्या मनानेच म्हटलं, पण त्या सगळ्यांना हे बोलत नाहीत. इंटर्न ताई मला चहाला घेऊन गेली. म्हणाली, लिहून द्यायचं का? मी नाही म्हटलं. म्हणाली, ठीक आहे, तुझी मर्जी. पण तारीख, वॉर्ड आणि कोण कोण हजर होतं एवढं आजच वहीत लिहून ठेव. पुढे कधी द्यावंसं वाटलं तर कामी येईल. मग आम्ही विषय बदलला.

धरमपेठी काका, आर्थिक निकष लावा म्हणता. रूममेटवालं काम त्या निकषाने होईल. ताईवालं होणार नाही.

आणि जमेची बाजूही आहे. मेळघाटातून रेफर झालेली एक बाई कोणाशीच बोलत नव्हती. मी कोरकूत दोन शब्द बोलले तर तिने अख्खी हिस्ट्री दिली. तेव्हापासून युनिटमध्ये सगळ्यांना माझं नाव पाठ आहे. रात्री दोनला पण पाठ असतं.

तर्रीपोहे | गुरुवार, सकाळी ७:३०

इतक्या प्रतिसादांत नवीन खातेदार सगळ्यांना भारी पडली. स्वागत.

निळाई | गुरुवार, सकाळी ८:१०

'तारीख, वॉर्ड, हजर कोण.' हे मला माझ्या काळात कोणी सांगितलं असतं तर.

माजी ताई, एक धोका मात्र आत्ताच लिहून ठेवते. 'घरातला पहिला डॉक्टर' असा निकष लावून मोकळं व्हायचा मोह होईल, कारण तो कोणाला टोचत नाही. पण माझा मुलगा उद्या मेडिकलला गेला तर तो पहिल्या पिढीचा नसेल. टेबलवरचं ज्ञान त्याला माझ्याकडून मिळेल. 'रँक किती' मात्र त्यालाही विचारतीलच.

धरमपेठी | गुरुवार, सकाळी ९:२५

सप्ली नको, पूर्ण वाचलं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पुजाऱ्याच्या मुलालाही दार उघडं हवं. पण दोन कामं वेगळी आहेत हे पटलं. वॉर्डातल्या त्या प्रश्नाला 'सगळे सारखे' हे उत्तर होत नाही.

मी ईएनटीत आहे. इंग्रजीत केस प्रेझेंट करायचा सराव रविवारी सकाळी घेऊ शकतो. मराठी माध्यमाच्या कोणीही यावं, मी जात, उत्पन्न, रँक काही विचारणार नाही. दुसऱ्या कामाला मी योग्य माणूस नाही.

निळाई | गुरुवार, सकाळी ९:४०

मान्य. दुसरा विषय निघाला की तुम्ही चहा आणायला जायचं.

धरमपेठी | गुरुवार, सकाळी ९:४२

बिस्किटंही आणीन.

झाडीपट्टी | गुरुवार, दुपारी २:०५

सगळे नागपूरच धरून चाललेत. २०२४ ला गडचिरोली, भंडारा, वाशिम, बुलडाणा अशी नवी सरकारी मेडिकल कॉलेजं उघडली. तिथल्या पहिल्या बॅचला रोल नंबर सीनियरच नाही! वर बघितलं की थेट प्राध्यापक. बोन सेट कोणाचा घ्यायचा, पार्टला किती मार्क म्हणजे बरे, हे सांगायला कोणी एक वर्षानेही मोठं नाही. नागपुरात निदान होस्टेलच्या भिंती तरी जुन्या आहेत. चंद्रपूर २०१५ ला आणि गोंदिया २०१६ ला सुरू झालं तेव्हा तिथल्या पहिल्या पोरांचंही असंच झालं असणार.

त्या पोरांना फोनवरून मेंटर द्या. गडचिरोलीची पोरं मी घेतो. माडिया बोलणारा एखादा डॉक्टर शोधून देणं माझ्याकडे लागलं, हेमलकशाच्या आश्रमशाळेतून शिकून डॉक्टर झालेले आहेत.

हाडवैद्य | गुरुवार, दुपारी ३:३०

झाडीपट्टी यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. माझ्याकडे शिकवण्याचे दोन जुने बोन सेट आहेत. कागदपत्रांचे काय लागते ते पाहून कॉलेजमार्फत देता येतील.

मेडिकलची माजी | गुरुवार, रात्री १०:२०

आज आमची बैठक झाली आणि हा धागा तिथे मोठ्याने वाचला गेला. (धरमपेठींच्या बिस्किटांवर सगळे हसले.) जे ठरलं ते लिहिते, अजून बदलू शकतं.

रविवारचा वर्ग, वायवाचा सराव आणि फॉर्मवाले दादांचा कागदांचा दिवस, हे सगळ्यांसाठी. यादी नाही, निकष नाही. ज्याला गरज वाटेल तो येईल. सूचना मराठीत लिहू आणि होस्टेलच्या ग्रुपवर टाकू.

एकास एक मेंटर मात्र एससी, एसटी, व्हीजेएनटीच्या मुलांसाठी, आणि ते आम्ही लपवणार नाही. फक्त त्याचा बोर्ड लागणार नाही. फोनने, ओळखीने, वरच्या वर्षातल्या मुलांकडून. मेंटर शक्यतो दोन-चार वर्षांनीच पुढे असलेला, इंटर्न किंवा पीजी. आम्ही पन्नाशीचे लोक त्याच्या मागे उभे राहू, म्हणजे तक्रार लिहून द्यायची वेळ आली तर सोबत डीनच्या केबिनपर्यंत जायला. निळाई म्हणाली तसं पीजी संपेपर्यंत, आणि आई डॉक्टर असली तरीही. परीक्षा घेणारा कोणी मेंटर नसेल, हा हाडवैद्य सरांचा नियम.

आमच्यातल्या एकाला हे अजूनही पटलेलं नाही. तो म्हणतो, फोनने बोलावलं तरी होस्टेलमध्ये काहीच लपत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही.

अडचण आहे ती मेंटर कुठून आणायचे याची. इंटर्न आणि पीजींकडे झोपायला वेळ नसतो.

निळाई | गुरुवार, रात्री १०:४८

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आरोग्य शिबिरं लागतात. तिथे सगळ्या वयाचे डॉक्टर स्वतःहून उभे असतात, एका मांडवात. मी या वर्षी वही घेऊन फिरते.

सप्ली नको | गुरुवार, रात्री ११:३०

पुढच्या बॅचची एक मुलगी मी घेते. माझी पॅथॉलॉजीची टर्मिनल परीक्षा झाली की. आत्ता विचारू नका.

गोळीबार चौक | शुक्रवार, सकाळी ८:००

व्हॅलिडिटी अडकलेल्या पोरांचं काय ठरलं? का आम्ही यादीतही नाही अन् बाहेरही नाही?

मेडिकलची माजी | शुक्रवार, सकाळी ८:३५

दादा, रविवारी या. कागदांच्या दिवशी पडताळणीची कामं माहीत असलेला एक वकील बसवायचा प्रयत्न आहे, आणि तो सगळ्यांसाठी असेल. एकास एकचं उत्तर माझ्याकडे आज नाही.

कंडक्टर काका | शुक्रवार, दुपारी १२:५०

पालकांच्या नंबरचं कुठं लिहिलेलं दिसलं नाही. माझी सुट्टी बुधवारी असते. नव्या पोरांच्या आईबापांचे फोन मी घेऊ शकतो, बंजारा आणि मराठी दोन्ही बोलतो. नंबर इथे टाकू का?

मेडिकलची माजी | शुक्रवार, दुपारी १:०५

इथे नको काका, उघड्यावर. मला निरोप पाठवा. आणि हो, राहूनच गेलं होतं, लिहिते.